भंडाऱ्याचा अंगठा

खंडोबाच्या एका गडाच्या पायथ्याशी एक वृद्ध छायाचित्रकार दर जत्रेला कनात लावून बसत असे. फोटो काढण्याआधी तो भल्याभल्यांना ताठ उभे राहायला शिकवी, म्हणून सारे त्याला मास्तर म्हणत. त्याच्या हाताखाली रेवण नावाचा एक शिष्य होता. शिष्य हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होते.

त्या गडाची एक रीत आहे. लग्नानंतर पहिल्यांदा दर्शनाला आलेला नवरा नवरीला उचलून घेतो आणि पायऱ्या चढतो. भंडाऱ्याची उधळण होते, नवरी लाजून हसते, नवऱ्याचे गुडघे लटपटतात, आणि नेमक्या त्याच क्षणी मास्तर कॅमेऱ्याची कळ दाबत. पुन्हा उचल म्हटले तर नवरा बिचारा उचलेलही, पण ते हसू परत येत नाही.

गेल्या जत्रेत रेवणने फोटो जागीच छापून देण्याचा घाट घातला होता. छपाई देखणी होती; पण घेणाऱ्यांचे हात भंडाऱ्याने माखलेले, घामाने आणि नारळाच्या पाण्याने ओले. बसथांब्यापर्यंत जाईतो कुणाच्या नवरीचे नाक गालावर उतरले, कुणाच्या नवऱ्याच्या मिशा हनुवटीला टेकल्या. लोक हिरमुसून परत आले. मास्तर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "रेवण, माझी नजर आता मंदावली. पुढची जत्रा तुझ्या हाती. पण तेव्हाही तोंडं ओघळली, तर कनात कायमची उतरवू. लोकांच्या सुखाला डाग लावणारा धंदा आपल्याला नको."

हे शब्द रेवणला वर्षभर सलत राहिले. कनात उतरली तर आपले काय, या धास्तीपेक्षाही मास्तरांची कनात आपल्यामुळे उतरली, ही कल्पनाच त्याला सोसवेना. जत्रा जवळ आली तसा तो मास्तरांना घेऊन शहरातल्या एका व्यापाऱ्याकडे गेला.

व्यापाऱ्याने दोन छपाईयंत्रे मांडली. पहिले शाईचे बारीक थेंब कागदावर उडवणारे. दुसरे डाय-सब्लिमेशनचे, त्यात शाई नसतेच. रंगीत फीत तापते, तिच्यावरचा रंग वाफ होऊन कागदात शिरतो. आधी पिवळा, मग किरमिजी, मग निळा, आणि शेवटी साऱ्यावर पारदर्शक लेप. दोन्ही यंत्रांवर एकच फोटो छापला गेला. रेवणने भिंग लावून पापणीचा केस न् केस पाहिला आणि निकाल दिला, "मास्तर, पहिलंच सरस आहे. दुसऱ्याच्या फितीवर धूळ बसली की फोटोवर पांढरे ठिपके उठतात म्हणे. आणि आपली जत्रा म्हणजे नुसती धूळ."

व्यापारीही म्हणाला, "बरोबर बोलतात हे. दुसरं यंत्र नाजूक आहे, काका. फार जपावं लागतं."

मास्तरांनी भिंगाकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी प्यायला पाणी मागितले. पेला आला तो त्यांनी हातांवर रिता केला. खिशातून देवाच्या भंडाऱ्याची पुडी काढली, चिमूट कपाळाला लावली, उरलेला भंडारा ओल्या हातांवर चोळला, आणि दोन्ही फोटोंवर आपला पिवळाधमक अंगठा दाबून खसकन ओढला.

"अहो, काय करताय काय?" व्यापारी उठून उभा राहिला. रेवणला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले.

मास्तरांनी धोतराच्या सोग्याने दोन्ही फोटो शांतपणे पुसले. पहिल्यातली पापणी ओघळून कानाकडे निघाली होती. दुसरा फोटो जसाच्या तसा होता.

"हे दुसरं बांधून द्या," ते म्हणाले.

"पण मास्तर, धूळ?" रेवणने खालच्या आवाजात विचारले.

तेव्हा मास्तर म्हणाले, "बाळ, दोष दोघांतही आहे; निर्दोष यंत्र अजून जन्माला यायचंय. तू त्यांचे गुण मोजलेस. मी एवढंच पाहिलं, की कुणाचा दोष कुणाच्या घरी जातो. पहिल्याचा दोष गिऱ्हाइकाच्या हातात जातो. ओल्या हातानं धरू नका, असं तू देवाच्या दारी कुणाकुणाला सांगणार? दुसऱ्याचा दोष आपल्या कनातीतच राहतो. धूळ आत येऊ द्यायची नाही, एवढं आपल्याला करता येतं. जो दोष आपल्याला सांभाळता येईल, तो पदरी घ्यावा. दुसऱ्याच्या पदरात घालू नये."

घरी येताच रेवण कामाला लागला. काचेची पेटी करून घेतली, ती कनातीच्या दर्शनी बाजूला बसवून यंत्र तिच्यात ठेवले. कनातीला दुहेरी पडदा लावला आणि नियम केला, की हात धुवून कोरडे केल्यावाचून कुणी आत यायचे नाही. लोक हसले. "देवघरातसुद्धा एवढं सोवळं नसतं," शेजारचा पेढेवाला म्हणाला.

जत्रा भरली. पहिलेच जोडपे आले, त्यांच्यामागे अख्खी वरात. काचेआडून सारे पाहू लागले. कागद प्रथम बाहेर डोकावला तो निव्वळ पिवळा.

"आगं बघ," नवरीची सासू म्हणाली, "यंत्रानं बी आधी भंडाराच लावला!"

मग किरमिजी चढला, निळा चढला, वर लेप बसला, आणि नवरीचे ते लाजरे हसू कागदावर उमटले. फोटो हातोहात फिरला. माखलेले हात, ओले हात, पोरांचे चिकट हात. कुणाच्या तरी हातून तो नारळ फोडलेल्या चिखलात पडला. नवरीने तो उचलला, पदराने पुसला, आणि ती दुसऱ्यांदा हसली, अगदी फोटोतल्यासारखी. वरातीने "येळकोट येळकोट, जय मल्हार" असा गजर केला, तो गडापर्यंत पोचला असेल. दिवस मावळेस्तोवर कनातीसमोरची रांग तुटली नाही, आणि एकही फोटो परत आला नाही. रेवणचे डोळे भरून आले. त्याने ते लपवले नाहीत.

संध्याकाळी मास्तर गडावरून उतरले. आयुष्यभर ते त्या कनातीत सरळ शिरत आले होते. आज पडद्यापाशी थांबले आणि त्यांनी आपले पिवळे तळवे पुढे केले.

"हात भरलेत माझे," ते म्हणाले. "मी बाहेरच बसतो. कनात तुझी आहे."

रेवणने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मग तो उठला, हात धुतले, कोरड्या पंच्याने पुसले, आणि पुढच्या जोडप्याचा फोटो छापायला आत गेला.