मूळपुरुषाची सात दिवसांची लढाई

उंबरकड्याच्या हैबतराजांना झऱ्याकाठी रंगमहाल बांधायची हुक्की आली. अख्ख्या डोंगरावर बारमाही पाणी तेवढ्या एकाच ठिकाणी, आणि तिथंच नेमका धनगरवाडा! राजांनी फर्मान काढलं, "आमचे मूळपुरुष सुभानजीराजे आले तेव्हा डोंगर ओस होता. त्यांच्याआधी तुम्ही इथं होतात असा कागद संध्याकाळपर्यंत आणा. नाहीतर उद्या झोपड्या उठवा!"

कागद! धनगरवाड्यात अक्षर ओळखणारं एक माणूस नव्हतं. म्हातारे रडू लागले. तिथल्याच साऊ झोरेला मात्र रडू नाही, संताप आला. ती तडक दरबारात गेली.

"कागद आणलास?" राजांनी विचारलं.

"आनते की, म्हाराज. आदी तुमची बखर तरी आयकू द्या."

राजे खुलले! जेवायचं विसरतील, पण बखर ऐकवायचं विसरायचे नाहीत. बखरकार त्र्यंबकपंतांनी घसा खाकरला, "सुभानजीराजे ओसाड डोंगर चढून आले आणि नगर वसवते झाले..."

"येवढंच?" साऊनं नाक मुरडलं. "रिकामा डोंगर तर माजी शेरडंबी रोज चढत्यात!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. राजांच्या मिशा थरथरल्या.

"रिकामा? पंत, खोडा ते! वर तीनशे गडी होते. लिहा!"

"तीनशेच व्हय?"

"पाचशे! वरून धोंडे लोटत होते. सात दिवस झुंजले आमचे सुभानजी!"

"आन् ते गडी ऱ्हायाचे कुठं? दिसायचे कसे?"

राजांनी डोंगरावर जे पाहिलं होतं तेच त्यांना सुचलं. "झऱ्याकाठी! बायकापोरांसकट! खांद्यावर घोंगडी, हातात कुऱ्हाड!"

"लई मोटा पराक्रम! पर म्हाराज, शिक्का न्हाई. उद्या कुनी म्हनंल, समदं बनीव हाय."

"बनीव?" राजांनी पंतांनी लिहिलेल्या पानावर दाणकन शिक्का मारला.

साऊनं पान उचललं आणि त्यांच्यापुढं धरलं. "घ्या, ह्यो आमचा कागद!"

"अगं, ही आमची बखर!"

"व्हय की! सुभानजीम्हाराज यायच्या आदी झऱ्याकाठी घोंगडीवाली पाचशे मानसं होती, आसं तुमीच सांगितलंया. आता तुमीच ठरवा. आमी आदीचं, का तुमचं सुभानजी सात दिस वाऱ्यासंगं झुंजलं?"

राजे लाल झाले. त्यांनी पंतांकडं पाहिलं, पंतांनी दौतीकडं. आणि मग राजे असे हसत सुटले की पगडी मांडीवर आली! झरा धनगरवाड्याला कायमचा मिळाला, साऊला राजांच्या अंगावरची शाल मिळाली, आणि रंगमहाल झाला खालच्या कोरड्या खडकावर. तिथं पाणी वाहून न्यायचं काम राजांना वेळीच न टोकणाऱ्या त्र्यंबकपंतांकडं आलं.