शास्त्रीबुवांनी पेटवलेली चूल

भोलागिरी महाराजांचा मुक्काम त्या पावसाळ्यात सीनेकाठच्या देवळसांगवी गावी, महादेवाच्या देवळात होता. महाराज प्रेमळ खरे, पण त्यांचा राग ज्यांनी पाहिला ते जन्मभर विसरले नाहीत. भाविकहो, ही त्या रागाचीच कथा आहे.

गावात त्र्यंबकशास्त्री पुराण सांगत. त्यांची एकुलती एक लेक गोदू तापाने गेली. शास्त्रीबुवांनी डोळ्यांतून टिपूस काढले नाही आणि पत्नी उमाबाईंनाही काढू दिले नाही. "आत्मा अमर आहे, रडणे हे अज्ञान," असे बजावून ते रोज त्यांच्यापुढे पोथी वाचत. उमाबाईंनी आधी बोलणे सोडले, मग जेवण. घरातली चूल थंड पडली. शास्त्रीबुवा देवळातल्या नैवेद्यावर भागवत.

शेजारी येसू तेलीण राहत असे. ती महाराजांची साधीभोळी भक्त. रोज सकाळी हुलग्याचे गरम माडगे करून ती उमाबाईंसाठी दाराशी आणी आणि शास्त्रीबुवा तिला परतवून लावीत. "दुःखाला ज्ञान हे औषध आहे. तेलिणीच्या हातची पेज नव्हे," असे ते म्हणत आणि पुराणाला आलेली मंडळी हसत. एके सकाळी तर त्यांनी मडके हिसकावून अंगणात फेकले.

येसू संतापून म्हणाली, "मला काय बोलायचं ते बोला, शास्त्रीबुवा. पण आत बाई मरायला टेकलीय आणि तुम्ही तिला पोथी खायला घालताय."

दुपारी उमाबाईंचे हातपाय गार पडले. वैद्यांनी नाडी पाहिली आणि मान खाली घालून ते निघून गेले. येसू धावत देवळात गेली. महाराज तसेच उठले. अंगणात चिखलात सांडलेले माडगे पाहून त्यांचा चेहरा लाल झाला.

"हे कोणी सांडलं?"

"मी," शास्त्रीबुवा म्हणाले. "महाराज, शोक अन्नाने जातो असे कोणत्या ग्रंथात आहे?"

महाराज कडाडले, "ग्रंथाचं नाव काढू नकोस! आईनं मेलेल्या लेकीसाठी रडायचं नाही, आणि तू मात्र दोन्ही वेळा नैवेद्य चापायचा? चल, चूल पेटव. आज तू शिजवायचं."

छप्पर गळून चूल भिजली होती, लाकडेही भिजली होती. येसू मदतीला पुढे झाली, पण महाराजांनी काठी आडवी धरली. शास्त्रीबुवा रागारागाने फुंकत राहिले. नुसता धूर झाला आणि शेजारून आणलेला विस्तवही विझला.

"ओली लाकडं पेटत नाहीत, महाराज."

"तुझ्यासारखीच आहेत. फुंक."

वाकता वाकता त्यांना चुलीमागे गोदूच्या भातुकलीतले एक बोळके दिसले. त्यांनी ते हातात घेतले आणि त्यांची फुंकर तुटली. "गोदू," एवढेच ते म्हणाले आणि लहान मुलासारखे रडू लागले. त्यांची आसवे त्या ओल्या लाकडांवर पडली आणि भडका उडाला. चुलीत निखारा नव्हता, ठिणगी नव्हती. दारात जमलेल्या साऱ्यांनी हे डोळ्यांनी पाहिले.

आता येसू सांगत गेली आणि शास्त्रीबुवा ढवळत गेले. महाराजांचा राग उतरला नव्हता. "गुठळी होऊ देऊ नकोस," ते दरडावीत होते. भाजलेल्या हुलग्याचा वास आतल्या खोलीत गेला तसे उमाबाईंनी डोळे उघडले. शास्त्रीबुवांनी वाटी त्यांच्या ओठांना लावली. दोन घोट घेऊन त्या म्हणाल्या,

"गूळ कमी पडला. गोदू येसूकडं प्यायची, तेव्हा वरून आणखी मागून घ्यायची."

शास्त्रीबुवांना हे ठाऊकच नव्हते. उमाबाई हुंदके देऊन रडू लागल्या. येसूने त्यांना कुशीत धरले आणि ती हुंदक्यांच्या मधून घोट घोट पाजत राहिली. हळूहळू हातांत ऊब आली.

शास्त्रीबुवा महाराजांच्या पायांवर पडायला गेले. महाराजांनी पाय मागे घेतले. "मी काय शिजवलंय? ज्या बाईचं अन्न चिखलात फेकलंस, तिच्याकडं जा."

साऱ्या गावासमोर शास्त्रीबुवांनी येसूपुढे माथा टेकला. "येसूबाई, चुकलो. मडक्यात उरलं असेल तर तुमच्या हातानं मलाही वाढा."

येसूने वाढले. ते चुलीपाशी बसून, रडत रडत, वाटी चाटूनपुसून जेवले. तेव्हा कुठे महाराजांनी त्यांना पायांवर डोके ठेवू दिले.