मागून ढकलायचा रथ

जरा सांभाळून या, इथल्या चिऱ्यांवर शेवाळ आहे. धक्क्यापासून चालत आलात, समाध्या पाहिल्यात, मठाची चूल पाहिलीत. आता ही रथशाळा. आमच्या केगदीच्या बेटावर येणारा प्रत्येक जण रथाची चाकं बघतो, कोरलेले हत्ती बघतो, फोटो काढतो आणि निघतो. तुम्ही मात्र पुढच्या बाजूला येऊन बघा. दोर बांधायला कडी दिसते का? नाही दिसणार. आमचा रथ ओढत नाहीत, मागून ढकलतात. पलीकडच्या तीरावरचे लोक आम्हाला उलट्या डोक्याचे म्हणतात. म्हणोत बापडे. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तशी आमची जात. आणि गोष्टही सुंभाचीच आहे.

तेव्हा मठात विश्रामगिरी महंत होते, असं सांगतात. बेटावर तीसेक घरं, सगळी काथ्यावर जगणारी. नारळाची सोडणं खाडीत कुजवायची, बडवायची आणि सुंभ वळायचा. त्यांत आवडी नावाची एक विधवा होती. तिच्या हातचा दोर असल्याशिवाय तांडेल गलबत पाण्यात घालत नसत, म्हणे. तिची एकुलती एक मुलगी गोमती सात वर्षांची झाली तरी पायांवर उभी राहत नव्हती. आवडीने मठातल्या पादुकांना नवस केला: रथासाठी शंभर हातांचा दोर मी एकटी वळीन, दुसऱ्या कोणाचा हात लागू देणार नाही. त्या दोराने रथाची बेटाभोवती फेरी पुरी झाली की माझी पोर चालू दे.

पोटासाठी वळून झाल्यावर उरेल त्या वेळात देवासाठी वळायचं. तीन वर्षं लागली. मनगटाएवढा जाड, शंभर हात लांब दोर एकट्या बाईने वळायचा! ह्या मठाचं शिखर बघून लोक माना वर करतात. मला तर तो दोर शिखरापेक्षा मोठा वाटतो.

रथाच्या दिवशी दोर कड्यांना बांधला. आवडी मुलीला कडेवर घेऊन पुढे उभी. पण त्या वर्षी मुहूर्त नेमका ओहोटीत आला होता. भर ओहोटीत होडी सोडू नये, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. पण रथ चुकेल म्हणून पलीकडच्या एक्केचाळीस जणांनी होडीवाल्याच्या मागे लकडा लावला आणि तोही भिडेला बळी पडला. मध्यावर येताच पाण्याच्या ओढीने होडी धरली आणि ती खाडीच्या तोंडाकडे वाहत निघाली. शेवटच्या खडकाला कशीबशी अडकली. त्याच्यापुढे नुसत्या फुटणाऱ्या लाटा.

तिथवर पोचेल असा दोर अख्ख्या बेटावर एकच होता. तो देवाला वाहिलेला, म्हणून त्याला हात लावायला कोणी धजेना. सगळे आवडीकडे बघू लागले. आवडीने मुलीकडे पाहिलं. मग गोमतीला रथाच्या पायरीवर बसवलं आणि स्वतःच्या हाताने गाठ सोडायला घेतली.

महंत म्हणाले, “आवडे, नवस मोडतलो गो.”

ती म्हणाली, “देवाक दुसरो दोर वळून देयन. बुडलेलां माणूस कशाचां वळू?”

दोराच्या टोकाला असोला, न सोललेला नारळ बांधून पाण्यात सोडला. ज्या ओहोटीने होडी नेली, तिनेच नारळही होडीपर्यंत नेला. सारं बेट दोर ओढायला लागलं. खडकावर घासून पीळ उलगडत होता, पण होडी धक्क्याला लागली. शेवटचा माणूस वर चढला आणि दोर तुटला, असं सांगतात.

रथ तसाच उभा. कोणीतरी नांगराचा जुना दोर आणला. महंतांनी हात आडवा केला. “आज जां ओढूचां होतां, तां ओढून झालां,” म्हणाले, आणि रथाच्या कड्या काढायला लावल्या. तेव्हा ती एक्केचाळीस माणसं, अंगावरच्या लुगड्या-धोतरांतून पाणी गळत असतानाच, रथाच्या मागे गेली आणि त्यांनी खांदे लावले.

गोमती चालली का? ताई, तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय ते. नाही चालली. आमच्यातले काही जण चालली म्हणून सांगतात, ऐकणाऱ्यांनाही बरं वाटतं. मी खोटं सांगणार नाही. रथ हलण्याआधी होडीतल्या एका म्हाताऱ्याने तिला पायरीवरून उचललं आणि वर रथातल्या पादुकांच्या शेजारी बसवलं. तिथे महंतसुद्धा बसत नसत. पुढे दरवर्षी, केस पिकेपर्यंत, ती तिथे बसून बेटाची फेरी घालत राहिली.

आजही ती जागा राखलेली असते. खाडीच्या दोन्ही तीरांवर ज्याला चालता येत नाही, त्याचा तिथे मान. मग तो कोणत्या जातीचा, कोणत्या गावचा, हे कोणी विचारत नाही. अर्धांगाचा झटका आल्यापासून गेली चार वर्षं माझी बायको बसते. मी मागे ढकलायला असतो. आणि ती वरून, साऱ्या गावासमोर, मला ओरडते, “जोर लावा ओ! जेवूक नाय काय?”