उंबऱ्याशी थांबलेला पाय

फार पूर्वी हेमावती नगरीत क्षेमंकर नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होऊन जन्माला आला होता. नगरी मोठी देखणी. राजमार्गाच्या दोन्ही अंगांना करंज आणि कडुनिंबांच्या रांगा होत्या. त्यांच्या सावलीतून माणसं पायी बाजाराला जायची, पायी दरबारात यायची, वाटेत चार गोष्टी बोलायची.

भांडण होतं ते मानाचं. दरबारात आधी कोणी शिरायचं यावरून सरदार हमरीतुमरीवर येत. एकदा तर दोघांनी दाराशीच एकमेकांची पागोटी उडवली. तेव्हा बोधिसत्त्वाने तोड सुचवली. ज्याचा मान मोठा त्याला राजाने रथ द्यावा. रथवाल्याने मग राजमार्गावर पाय टेकू नये, आणि टेकलाच तर रथ आणि मान दोन्ही परत करावेत. राजाला ते पटलं. पाच-सात रथ वाटले गेले, त्यांतला एक अमात्यालाही मिळाला, भांडणं मिटली, आणि जो तो अमात्याच्या शहाणपणाची वाहवा करू लागला.

पण मानाची हाव कुठे सुटते हो? आज सरदाराला रथ, तर उद्या सावकाराला का नको? सावकाराला मिळाला, तर त्याच्या मेव्हण्याने काय घोडं मारलंय? राजा मनाचा मऊ, त्याला नाही म्हणणं जमत नसे. बघता बघता राजमार्ग रथांनी भरून गेला. रस्ता अपुरा पडतो म्हणून एका अंगाची झाडं तोडली. रस्ता रुंद झाला तसे रथही वाढले, आणि पुन्हा तीच रड. चार घरं पलीकडे जायचं तरी घोडे जुंपायचे आणि चौकात अडकून बसायचं. उतरायची सोय नाही, मान जाईल ना!

धुळीने घरं माखली, पोरं खोकू लागली. बोधिसत्त्वाला हे दिसत होतं. हे आपलंच करणं आहे, राजाला सांगायला हवं, असं त्याला रोज वाटे. पण शहाणा म्हणून मिरवलेल्या माणसाला आपला सल्ला फसला असं म्हणवत नाही. उद्या सांगू, परवा सांगू करता करता वर्षं गेली.

त्याला एकच मुलगी होती, पाटला. उशिरा झालेली, जिवापाड जपलेली. धूळ उडाली की तिला धाप लागायची. मग वैद्य भद्रक यायचे, औषधाचं चाटण द्यायचे, आणि थोड्या वेळाने ती पुन्हा अंगणात बागडायची. राणीचं दुखणं बरं केलं म्हणून भद्रकांनाही नुकताच रथ मिळाला होता.

एका संध्याकाळी दरबार सुटला आणि रस्त्यावर धुळीचा लोट उठला. पाटलाला धाप लागली ती थांबेना. तिचे ओठ निळे पडले. निरोप मिळताच भद्रक निघाले, पण रथातून. चौकात रथ अडकला. अमात्याच्या सज्ज्यातून त्या रथाची छत्री दिसत होती, इतके ते जवळ होते. निरोप घेऊन गेलेली दासी त्यांना विनवत होती की उतरा, घर हे काय समोर आहे. भद्रकांनी एक पाय खाली घेतला. मग त्यांनी आजूबाजूच्या रथांकडे पाहिलं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. त्यांनी पाय पुन्हा वर घेतला आणि ते सारथ्यावर ओरडू लागले.

इकडे बोधिसत्त्वाने मुलीला उचललं आणि तो दाराकडे धावला. उंबऱ्याशी त्याचा पाय थांबला. काय सांगायचं! वर्षांची सवय. मनात काही येण्याआधीच त्याच्या तोंडून शब्द गेले, "रथ जुंपा."

सेवक घोडे आणायला पळाले. त्याची पत्नी धारिणी क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने लेकीला त्याच्या हातांतून ओढून घेतलं आणि ती अनवाणी धावत सुटली. घोड्यांच्या तोंडाशी, चाकांच्या मधून वाट काढत तिने भद्रकांचा रथ गाठला आणि मुलगी त्यांच्या मांडीवर ठेवली. वैद्यांनी पेटी उघडली. चाटण जिभेवर ठेवलं, पण ते गिळायला पाटला उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंत्ययात्रा निघाली. प्रेतामागे रथाने जायचं नाही, एवढी एक रीत त्या नगरीने अजून पाळली होती. राजा चालला, सरदार चालले, सावकार चालला आणि त्याचा मेव्हणाही चालला. सगळी नगरी रस्त्यावर असून कोणी कुठे अडलं नाही. चौक कधी मागे पडला ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही. बोधिसत्त्वाच्या मात्र आलं, आणि तिथे त्याला रडू आवरेना.

नदीकाठी चिता पेटली. राजा कळवळून म्हणाला की त्या वैद्याला सुळावर देतो, आणि उरलेली झाडं तोडून पाटलाच्या नावाने दुप्पट रुंद रस्ता करतो. भद्रक मान खाली घालून उभे होते.

बोधिसत्त्व हात जोडून राजापुढे आला.

"महाराज, वैद्यांचा पाय रथात अडला, माझा माझ्याच उंबऱ्याशी अडला. ते तर परके होते, मी बाप होतो. पाय टेकू नये हा नियमही त्यांचा नाही, माझा आहे. सुळावर द्यायचं तर मला द्या. नाहीतर तो नियम मोडा, आणि झाडांना हात लावू नका. रथ आजाऱ्यांना द्या, म्हाताऱ्यांना द्या, पोटुशा बायकांना द्या. बाकीच्यांना चालू द्या."

राजाने मान हलवून ते मान्य केलं. बोधिसत्त्वाने भद्रकांचा हात धरला आणि दोघं चालत घरी आले. धारिणी दारातच बसली होती. तिने दोघांकडे पाहिलं. राजापुढे काय झालं ते बोधिसत्त्वाने तिला सांगितलं.

"तुम्ही क्षमा केलीत, बरं केलंत," ती म्हणाली. "मला अजून जमत नाही. यांनाही नाही, आणि तुम्हालाही नाही."

बोधिसत्त्वाने ते ऐकून घेतलं. पुढे जन्मभर तिच्या मनाची त्याने कधी घाई केली नाही, आणि रथातही तो पुन्हा कधी बसला नाही.

आधी राजा पायी निघाला, मग लाजत-काजत सरदार निघाले. तोडलेल्या जागी नवे करंज लावले गेले. धूळ बसली, नगरीतल्या पोरांचा खोकला गेला. पण ज्या घरात आई-बाप लेकीचा नुसता खोकला ऐकायलासुद्धा आसुसले होते, ते घर शांतच राहिलं.

कथा इथवर आणून भगवान बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा राजा क्षेमंकर म्हणजे आजचा आनंद. वैद्य भद्रक म्हणजे हा मागे बसलेला सुदंत, जो आता आजाऱ्याच्या हाकेला सगळ्यांच्या आधी धावतो. धारिणी ती राहुलमाता. आणि तो अमात्य मीच होतो. दुसऱ्याच्या अपराधात आपला वाटा ओळखून त्याला जवळ घेणं, ही त्या जन्मातली माझी क्षांती-पारमिता, क्षमेची परिपूर्णता."

एका भिक्षूने विचारलं, "भगवन्, आणि पाटला?"

भगवान म्हणाले, "ती आज कोण आहे ते विचारू नका. कोणाच्याही घरचं मूल आजारी आहे असं कळलं, तर ते मूल म्हणजे पाटलाच असं समजा आणि चालू लागा."