पिंजूला गवताचा वास हवा

आटपाट परसदार होतं. परसदारी चाफा होता. चाफ्याखाली लाकडी खोकं होतं. खोक्यात दोन ससे राहायचे.

एक पिंजू. कापसासारखा पांढरा, इवलासा.
एक रेवडी. अंगावर तिळाएवढे ठिपके.

दोघं खायचे बरोबर. कुरुम कुरुम.
दोघं निजायचे बरोबर. कानाला कान लावून.
निजायच्या आधी रेवडी पिंजूचं कपाळ चाटायची. चप चप चप. मगच पिंजूला नीज यायची.

एकदा पिंजूचा दात दुखला. घरातल्या शेवंतामावशीने त्याला टोपलीत घातलं. दवाखान्यात नेलं.
डॉक्टर म्हणाल्या, "आ कर, बाळा."
पिंजूने केलं, "आऽऽ!"
झालं. दात बरा झाला. टोपलीत बसून पिंजू घरी आला.

पण झालं काय? जाताना अंगाला गवताचा वास होता. येताना तो हरवला. अंगाला औषधाचा वास लागला!

पिंजू खोक्यापाशी गेला. टुपुक टुपुक टुप.
"रेवडी, रेवडी, सरक ना. मी आलो."
रेवडीने नाक हलवलं. सुं सुं सुं.
"तू कोण?"
"मी पिंजू!"
"छे! माझ्या पिंजूला गवताचा वास येतो. तुला औषधाचा येतो. इथे नको बसू. ही पिंजूची जागा आहे. तो येणार आहे."

पिंजूचे कान खाली पडले. जागा पिंजूची, आणि पिंजूलाच बसता येईना!
दुपार झाली होती. आभाळात मळभ होतं. सगळं परसदार पेंगत होतं. पिंजूलाही झोप आली होती. पण एकट्याला कशी लागणार?

पिंजू निघाला. टुपुक टुपुक टुप.
कुंपणाशी गवत होतं. सकाळच्या धुक्याने भिजलेलं, मान टाकून पडलेलं.

"गवता, गवता, तुझा वास दे ना."
"का रे, बाळा?"
"रेवडी ओळखेना,
एकट्याला नीज येईना!"

गवत सळसळलं. "देईन रे, देईन. पण माझा वास झोपलाय. ऊन लागलं की तो उठतो. तिरीप आली तर देईन."

पिंजू निघाला. टुपुक टुपुक टुप.
लांब भिंतीच्या टोकावर उन्हाची तिरीप बसली होती. बोटाएवढी. सोनेरी.

"तिरिपे, तिरिपे, खाली ये ना."
"का रे, बाळा?"
"गवत वास देईना,
रेवडी ओळखेना,
एकट्याला नीज येईना!"

तिरीप लुकलुकली. "येईन रे, येईन. पण ढग बसलाय वाटेत, पाय पसरून. ढग सरकला तर येईन."

पिंजू निघाला. टुपुक टुपुक टुप.
ढग तर आभाळात! पिंजू तर एवढासा! मग ढगाशी बोलायचं कसं?
विहिरीजवळ पाण्याची डोणी होती. पिंजूने डोणीत वाकून पाहिलं. पाण्यात ढग बसला होता. गुबगुबीत, राखाडी.

"ढगा, ढगा, सरक ना."
"का रे, बाळा?"
"तिरीप येईना,
गवत वास देईना,
रेवडी ओळखेना,
एकट्याला नीज येईना!"

ढगाने जांभई दिली. आऽऽहाऽऽ. "सरकेन रे, सरकेन. पण मला पाय कुठे आहेत? मला वारा नेतो. वारा उठला तर सरकेन."

पिंजू निघाला. टुपुक टुपुक टुप.
दोरीवर बाळाची झबली वाळत होती. पिवळं झबलं, निळं झबलं, ठिपक्यांचं झबलं. निळ्या झबल्याच्या बाहीत वारा झोपला होता. हूंऽऽ फूऽऽ. हूंऽऽ फूऽऽ.

"वाऱ्या, वाऱ्या, ऊठ ना."
हूंऽऽ फूऽऽ.
"वाऱ्या, वाऱ्या, ऊठ ना!"
वाऱ्याने डोळे उघडलेच नाहीत. झोपेतच विचारलं, "का रे, बाळा?"
"ढग सरकेना,
तिरीप येईना,
गवत वास देईना,
रेवडी ओळखेना,
एकट्याला नीज येईना!"

"उठेन रे, उठेन," वारा पुटपुटला. "पण मला हलकेच उठवावं लागतं. झोका हलला की मी झुळूक होऊन उठतो. पाळणा हलला तर उठेन."
आणि पुन्हा हूंऽऽ फूऽऽ.

पिंजू निघाला. टुपुक टुपुक टुप.
पडवीत पाळणा होता. पाळण्यात बाळ होतं. बाळ जागंच होतं. अंगठा चोखत आढ्याकडे बघत होतं.

"पाळण्या, पाळण्या, हल ना."
"का रे, बाळा? हळू बोल हं."
पिंजू अगदी हळू बोलला.
"वारा उठेना,
ढग सरकेना,
तिरीप येईना,
गवत वास देईना,
रेवडी ओळखेना,
एकट्याला नीज येईना!"

पाळणा कुरकुरला. "हलेन रे, हलेन. पण दोरी आहे मावशीच्या हातात. मावशीने ओढली तर हलेन."

दोरी लांबच लांब होती. दोरीच्या कडेकडेने पिंजू निघाला. टुपुक... टुपुक... टुप. पाय दमले होते. वाटेत त्याने मागे वळून पाहिलं. चाफ्याखाली खोकं दिसत होतं. खोक्यात रेवडी एकटी बसली होती. शेजारची जागा तशीच मोकळी होती. रेवडीलाही नीज आली नव्हती.

पिंजूने नाक पुसलं आणि पुढे गेला.

दोरीच्या टोकाला शेवंतामावशी होती. फरशीवर बसलेली, भिंतीला टेकलेली. हातात दोरी, डोळ्यांत पेंग.

"मावशी, मावशी, दोरी ओढ ना."
"अगंबाई, पिंजू! तू अजून एकटाच? काय झालं रे, सोन्या?"
"पाळणा हलेना,
वारा उठेना,
ढग सरकेना,
तिरीप येईना,
गवत वास देईना,
रेवडी ओळखेना,
एकट्याला नीज येईना!"

"अरे माझ्या राजा!" मावशी म्हणाली. "ओढेन रे, ओढेन. पण बघ ना, तुला घेऊन किती चालले मी. आता फरशी गार, पाय गार. पाय गारठले की माझा हातच चालत नाही. पायांना ऊब मिळाली तर ओढेन."

ऊब?
पिंजू इकडे बघतो, तिकडे बघतो. आता ऊब कुणाकडे मागायची?
पिंजू विचार करतो. नाक हलवतो. सुं सुं सुं.
मग पिंजू कुठेच गेला नाही. मावशीच्या पायांवर चढला आणि बसला. पोट टेकलं. कान पसरले. मऊ मऊ झाला. गरम गरम झाला.

"आहाहा!" मावशी म्हणाली. "ऊब तर तुझ्यापाशीच होती की रे, लबाडा!"

पायांना ऊब आली. हाताला ताकद आली.
मावशीने दोरी ओढली. सुर्रर्र.
पाळणा हलला. झुईं झुईं, झुईं झुईं. बाळ हसलं. खुदुखुदु.
वारा उठला. सूंऽऽ सूंऽऽ. पिवळं झबलं उडालं, निळं झबलं उडालं.
ढग सरकला. घरंगळत, घरंगळत, डोंगराकडे गेला.
तिरीप खाली आली. भिंतीवरून डोणीवर, डोणीवरून कुंपणावर.
गवत तापलं. सळसळ, सळसळ. गवताचा वास जागा झाला. गोड गोड, कोवळा कोवळा.

"ये रे, बाळा," गवत म्हणालं. "घे हवा तेवढा."

पिंजू गवतात लोळला. गडगड इकडे. गडगड तिकडे. पोटाला वास, पाठीला वास, कानांच्या टोकांना वास. औषधाचा वास पळाला! फुर्रर्र!

आणि पिंजू निघाला. टुपुक टुपुक टुप.
टुपुक टुपुक टुप.
खोक्यापाशी थांबला.

रेवडीने नाक हलवलं. सुं.
रेवडीने आणखी नाक हलवलं. सुं सुं.
मग रेवडी उभीच राहिली. दोन पायांवर!

"पिंजू! कुठे होतास रे इतका वेळ? मघाशी कुणी एक आला होता. तुझ्या जागेवर बसायला निघाला होता. मी नाही बसू दिलं!"

पिंजू हसला. "बरं केलंस," तो म्हणाला.

तो आत गेला. जागा त्याच्याच मापाची होती. रेवडी त्याला चिकटून बसली. त्याचं कपाळ चाटू लागली. चप.
चप.
चप.

चाफ्याचं एक फूल खाली पडलं. टप. कुणालाच ऐकू आलं नाही.

पिंजूचे कान मिटले. रेवडीचे डोळे मिटले. गोष्टीचं पानही मिटलं.