न चालणाऱ्यांची ओळ

माणसाला अजून भिंग सुचले नव्हते, तेव्हाची ही जुनी गोष्ट. बाळांनो, आणि बाळांच्या आडून कान देणाऱ्या आजोबांनो, ऐका.

एका डोंगराच्या पायथ्याशी दगडी कुंड होते. वरून पाहणाऱ्याला त्यात नुसते पाणी दिसे. पण त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे, एवढेएवढेसे जीव राहत. ना हात, ना पाय. सगळे शरीर म्हणजे एकच ठिपका. भांडणे मात्र आपल्याएवढीच मोठी! "उजेडाची जागा माझी," "नाही, माझी," असे दिवसभर चाले.

शेवटी कुंडातली म्हातारी गोगलगाय वैतागली. तिने वहाणेच्या आकाराच्या एका जिवाला बोलावले. त्याच्या अंगभर बारीक लव होती आणि ती वल्ह्यांसारखी हलवत तो मोठ्या ऐटीत फिरे.

"आजपासून तू मोजणीदार," ती म्हणाली. "सगळ्यांच्या ओळी लाव आणि ओळीप्रमाणे जागा वाटून दे. माझ्या डोक्याचा ताप तरी जाईल."

मोजणीदाराने खूप विचार केला. आकारावरून ओळी लावाव्यात, तर काही जण घडीघडीला आकार बदलत. मग त्याला सुचले, ज्याला त्याला चालीवरून ओळखावे. अंगाला फुटलेला चाबूक फिरवत सुसाट जाणारे ते आसूडवाले. अंग थोडे पुढे ओतायचे आणि मागचे हळूच ओढून घ्यायचे, असे चालणारे ते ओघळे. आणि लव हलवत पोहणारे ते लववाले. मोजणीदार स्वतः लववाला होता, त्यामुळे पहिली ओळ कुणाची लागली हे सांगायला नको.

सगळ्यात शेवटी कोपऱ्यात एक हिरवा ठिपका उरला.

"चाल सांग," मोजणीदार म्हणाला.

"चाल नाही हो माझ्याकडे. पाणी नेईल तिकडे जातो. थोडी उन्हाची जागा दिलीत तर बरं होईल."

"चाल नाही तर ओळ नाही, आणि ओळ नाही तर जागा नाही!" मोजणीदार खेकसला. आता कटकट नको, म्हणून त्याने तो ठिपका चक्क गिळून टाकला. यादी पुरी झाली. गोगलगायीने त्याची पाठ थोपटली.

त्या वर्षी पाऊस लांबला. कुंड आटत आटत ओंजळभर उरले. खायचे सगळे संपले. आसूडवाल्यांचे आसूड थकले, ओघळे गोळा होऊन तळाशी पडले. मोजणीदाराची लवही मंदावली. आता आपले काही खरे नाही, हे त्याला कळून चुकले. निदान शेवटी ऊब मिळावी, म्हणून तो रखडत रखडत उन्हाच्या कवडशात जाऊन पडला.

दुपारी त्याला जरा हुशारी वाटली. दुसऱ्या दिवशी आणखी थोडी. तोंडात कण गेला नव्हता, तरी जेवल्यासारखे वाटत होते.

जवळच सावलीत पडलेली एक म्हातारी ओघळी क्षीण आवाजात म्हणाली, "मोजणीदार, तुमचं पोट हिरवंगार दिसतंय. एकट्या एकट्यानं काय खाल्लंत हो?"

मोजणीदाराचे अंग काचेसारखे आरपार दिसणारे. त्याने आत पाहिले. गिळलेला ठिपका तिथे मजेत बसला होता. एवढेच नव्हे, एकाचे पुष्कळ झाले होते.

"तू? तू अजून आहेस?"

"आहे ना! ऊन आलं की मी थोडा स्वयंपाक करतो. माझ्यापुरतं ठेवतो आणि उरलेलं तुम्हाला देतो."

"अरे, पण मी तुला गिळलं होतं!"

"गिळलंत खरं," ठिपका म्हणाला. "पण उन्हात तुम्हीच आणलंत. मला कुठं येता आलं असतं? तुमचे फार उपकार झाले."

मोजणीदाराला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ज्याला त्याने यादीतून पुसले, तोच त्याला जगवत होता, आणि वर आभारही तोच मानत होता! मोजणीदार इतकेच म्हणाला, "बाबा रे, जगलो ते तुझ्यामुळे."

त्याने आपल्या पोटातले काही ठिपके अलगद बाहेर सोडले आणि त्या म्हातारीच्या अंगात जागा मागितली. तिने दिली. तिला ढकलत ढकलत त्याने उन्हात आणले. मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. ज्यांनी ठिपक्यांना जागा दिली, ते पाऊस येईपर्यंत तगले.

पहिल्या सरीनंतर गोगलगायीने शंखातून डोके काढले, तेव्हा मोजणीदार दारातच उभा होता.

"आजी, यादी चुकली. मी सगळ्यांना विचारलं, तू चालतोस कसा. तू कुणाला जगवतोस, हे एकालाही विचारलं नाही."

"मग आणखी एक ओळ लाव की! कुठं लावतोस?"

"सगळ्यात वर, उन्हाजवळ. आणि तिला रोज तिथं पोचवायचं काम आम्हा चालणाऱ्यांचं."

आजही एखाद्या संथ डबक्यातल्या थेंबात भिंगातून पाहिले, तर कधीकधी वहाणेच्या आकाराचा एक हिरवा जीव दिसतो. सगळी लव हलवत तो उजेडाकडे निघालेला असतो. आपल्या अन्नदात्याला तो उन्हात नेत असतो.

तात्पर्य: ज्याची चाल आपल्याला दिसत नाही, त्याच्याच जिवावर कदाचित आपण चालत असतो, म्हणून कुणालाही ओळीबाहेर काढू नये.