निंबखोरीचा हळदीचा धोंडा

पुढील हकिगत निंबखोरी येथे १७ फेब्रुवारी २०१९ रोजी, रविवारी दुपारी, जोतिबाच्या देवळाच्या ओट्यावर कोंडिबा बाळा गुरव यांनी सांगितली. ऐकणारे आम्ही चौघे पाहुणे होतो. कोंडिबांनी ती आपल्या आईकडून ऐकली होती आणि आई त्या प्रसंगी हजर होती. म्हणजे प्रस्तुत लेखकापर्यंत ती दोन तोंडांतून पोचली आहे, हे आधीच नमूद केलेले बरे.

देवळासमोर गुडघाभर उंचीचा एक धोंडा आहे. त्याच्यावर हळदीची पुटे इतकी चढली आहेत, की मूळचा दगड काळा होता की तांबूस, हे आता कळत नाही. इतर गावांत नवरदेवाला लावून उरलेली उष्टी हळद थेट नवरीला लावतात. निंबखोरीत ती आधी या धोंड्याला लागते आणि धोंड्याची उष्टी नवरीकडे जाते. असे का, हे विचारले की गावात आकारामचे नाव निघते.

आकाराम घोलप हा नदीपलीकडच्या गावचा. शिक्षक होण्यासाठी शिकत असताना बेचाळीसच्या चळवळीत तो शाळा सोडून बाहेर पडला. त्याच्या गटाने तारा तोडल्या, एक चावडी जाळली, आणि त्याच्या नावाचे वॉरंट निघाले. कपाळावर भुवईच्या वर त्याला एक जुना व्रण होता. पोलीस त्याला त्या खुणेवरून शोधत. इंग्रजांचे राज्य जाईपर्यंत अंगाला हळद लावून घेणार नाही, अशी शपथ त्याने सोबत्यांसमोर घेतली होती, असे सांगतात. आईने पाहिलेल्या मुलीला त्याने त्याच कारणाने नकार कळवला होता.

त्रेचाळीसच्या चैत्रात निंबखोरीच्या ज्ञानू खोताचे लग्न ठरले. ज्ञानू आणि आकाराम एका तालमीत वाढलेले. जाऊ नकोस, असे सोबत्यांनी बजावले असतानाही आकाराम हळदीला आला. त्या काळी या भागात लग्न मुलाच्या दारात होई. अंजिरा नावाची नवरी आपल्या माणसांसह देवळात उतरली होती, आणि ज्ञानूचे घर देवळाच्या समोरच होते.

ज्ञानू पाटावर बसला होता. हळदीला अजून कुणाचा हात लागला नव्हता. तेवढ्यात दोन्ही वाटांनी पोलीस आल्याची वर्दी आली. दिवस वर आलेला, शेते कापणी होऊन मोकळी पडलेली. पळायला आडोसा नव्हता. ज्ञानूची आत्या ठकूबाई हिने भाच्याला दंडाला धरून उठवले, त्याच्या हाती पाण्याची घागर दिली आणि पाटावर आकारामला बसवले. बायकांनी त्याला कपाळापासून पायापर्यंत हळद फासली. व्रण दिसेनासा झाला. आकारामने डोळे मिटून घेतले होते म्हणे. हळद आत जाऊ नये म्हणून, की शपथ मोडताना पाहवेना म्हणून, हे कुणी विचारले नाही.

फौजदार याच मुलखातला होता. त्याला रीतिभाती ठाऊक होत्या. तो पाटासमोर येऊन उभा राहिला.

“हळद फार दाट लावलीत,” तो म्हणाला. “नवरदेव काळा आहे काय?”

“काळा हाय, पर आमचा हाय,” ठकूबाई म्हणाली. “बसा साहेब. लगीन लागल्यावर गोरा दिसंल.”

बायका हसल्या. फौजदारही हसला. नवरदेवाची हळद पुसायला लावली असती तर गाव उठले असते; त्याने बसायला बाज मागितली. उष्टी हळद नवरीला लागलेली पाहू आणि मग जाऊ, असे तो सावकाश म्हणाला.

तेव्हा घरातल्यांना आपली चूक कळली. उष्टी हळद ज्याची, मुलगी त्याची, असा चारचौघांचा समज. कोणतेही घर परक्याची हळद आपल्या होणाऱ्या सुनेला लावू देणार नाही, हे फौजदार जाणून होता; म्हणूनच तो बसून राहिला. पाटावरचा माणूस बदलताना ही पुढची पायरी एकाच्याही ध्यानात आली नव्हती. ती इतकी नेहमीची होती की तिचा वेगळा विचार कुणी करतच नसे.

आकारामने डोळे उघडले. करवलीने ताट उचलले होते आणि फौजदार तिच्या मागे निघाला होता. आपण उठलो तर फास आपल्याला आणि तुरुंग ज्ञानूच्या घराला. न उठलो तर जिला पाहिलेही नाही अशी एक मुलगी वॉरंट निघालेल्या माणसाशी जन्माची बांधली जाणार. ताट तिच्यापर्यंत पोचले की उठायचे आणि आपले नाव सांगायचे, असे त्याने ठरवले. त्यासाठी त्याने एक हात जमिनीला टेकवूनही ठेवला होता, असे सांगतात.

तोवर कोंडिबांची आई मागच्या बाजूने देवळात गेली होती. तिने अंजिराच्या कानात खरे काय ते सांगितले. नवरीने अशा वेळी मान वर करण्याचीही तेव्हा पद्धत नव्हती. करवली पायऱ्यांशी आली, तेव्हा अंजिरा बोलली.

“हितं न्हाई. आधी त्या धोंड्याला. धोंड्याची उष्टी मला.”

तिने दाखवलेला धोंडा बिननावाचा होता. येता-जाता जनावरे त्याला अंग घासत, एवढाच त्याचा उपयोग.

“ही कुठली रीत?” फौजदाराने विचारले.

“या गावची.”

“तू तर परगावची.”

“म्हणून तर सांगून ठेवलंय मला. सासरची रीत पहिल्याच दिवशी मोडू व्हय?”

ठकूबाई अंगणातून तरातरा आली आणि करवलीवर घसरली. “किती येळा सांगितलं गं तुला, आधी धोंडा म्हणून?” करवली ताट घेऊन धोंड्याकडे वळली. धोंड्यावर जुन्या हळदीचा डाग कसा नाही, असे फौजदाराने विचारले. “जनावरं अंग घासत्यात त्याला,” ठकूबाई म्हणाली, “ऱ्हातीय व्हय हळद?”

धोंड्याला हळद लागली. धोंड्याची हळद अंजिराला लागली. फौजदाराला पुढे विचारण्याजोगे काही उरले नाही. गावातल्या पुढच्या लग्नाला ही रीत पुन्हा पाहीन, एवढे बोलून तो गेला. आकारामने जमिनीवरचा हात उचलला.

मग नवी हळद कालवली गेली. ती ज्ञानूला लागली, पुन्हा धोंड्याला आणि पुन्हा अंजिराला. आकाराम मात्र लग्नाला थांबला नाही.

“हळदीचं अंग शिवंबाहेर न्हेऊ नये, बाळा,” ठकूबाई म्हणाली. “धुऊन तरी जा.”

“राहू द्या, आत्या. घामानं जाईल.” जाण्यापूर्वी त्याने नवरीचे नाव विचारून घेतले. देवळाकडे तो गेला नाही.

पुढच्या लग्नाला खरोखरच एक शिपाई येऊन बसला. सांगितलेले खोटे निभावायचे तर धोंड्याला हळद लावणे भाग होते. त्यापुढच्या लग्नातही कुणी पाहत असेल या भयाने ती लागली. पुढे राज्य गेले तरी ही रीत थांबवण्याचे कुणाला सुचले नाही. आजही पुण्या-मुंबईत स्थिरावलेली निंबखोरीची माणसे लग्नाच्या आधी हळदीचे ताट घेऊन गावी येतात. प्रस्तुत लेखकाने असे एक ताट पाहिले आहे.

आकाराम त्याच वर्षी श्रावणात नदीच्या उतारावर पोलिसांच्या गोळीने पडला. प्रेत घरच्यांना मिळाले नाही. त्याच्या गावातील वृद्धांनी याला दुजोरा दिला.

एका भागाला मात्र तसा दुजोरा मिळाला नाही. कोंडिबा सांगतात, की आकाराम गेल्याची बातमी आली त्या दिवशी अंजिराबाईंनी कपाळीचे कुंकू पुसले आणि दिवस मावळेपर्यंत कपाळ मोकळे ठेवले. ज्ञानू शेतावरून आला, त्याने ते पाहिले आणि तो जेवायला बसला. अंजिराबाईंचे थोरले चिरंजीव हे साफ नाकारतात. “बाबा होते तोवर आमच्या आईचं कपाळ कधी मोकळं नव्हतं,” असे त्यांनी दोनदा सांगितले. कोंडिबांना पुन्हा विचारता, ज्ञानू आणि आपली आई यांच्याखेरीज कुणी पाहिले नव्हते, असे ते म्हणाले. अंजिराबाईंना लागली ती हळद धोंड्याची. तेव्हा रीतीप्रमाणे त्यांच्यावर आकारामचे सुतक नव्हते.